झुलालचा हात

आखाजीला खानदेशात पत्त्यांना कोणी नावं ठेवत नाही. एरवी पोरगा पारावर पत्ते कुटताना दिसला तर बाप चप्पल काढतो; पण अक्षय्य तृतीया आली की बापच चटई टाकून बसलेला सापडतो. बाया झोक्यांवर, पुरुष पत्त्यांवर, असा तो सण. साक्रीहून पिंपळनेरकडे जाताना आत वळून लागणाऱ्या त्या गावात मात्र आखाजीच्या पत्त्यांना आणखी एक काम होतं, आणि ते देवाचं होतं.

आखाजी झाली की गावात सप्ताह बसायचा आणि द्वादशीला काल्याचं कीर्तन व्हायचं. दही, पोहे, लाह्या कालवून भरलेली हंडी देवापुढे ठेवायची आणि मग तो काला आपल्या हाताने सगळ्या गावाला वाटायचा, हा मान दरवर्षी एका घराला मिळे. पूर्वी तो जीवराम आबांच्या घराकडे पिढीजात होता. पुढे भाऊबंदकी झाली, चार घरांनी हक्क सांगितला, आणि एका वर्षी ओढाताणीत हंडी देवळाच्या पायरीवरच फुटली. सांडलेल्या काल्याकडे बघत आबाच म्हणाले, आता हा मान कोणाच्याच घरचा नको. आखाजीला रमी खेळा. पैसा लावायचा नाही. टेबलावर शेवटी जो उरेल त्याच्या घरचा काला. पानं देव वाटेल.

लोक हसले, पण भांडण मिटलं, आणि तीच रीत पडली. काल्याच्या कीर्तनाला पहूरहून येणारे महाराज पहिल्यांदा हे ऐकून खूप हसले होते. म्हणाले, "वाटणारा देव आहे हे बरं झालं. पिसणाऱ्यावर तेवढी नजर ठेवा."

यंदा शेवटच्या टेबलावर तिघे उरले. गिरणीवाला निंबा, जीवराम आबांचा मुलगा झुलाल आणि एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर तोताराम.

निंबा आणि झुलाल यांची नावं गावात वेगळी कोणी घेतच नसे. निंबा भजनात गायचा, टाळ धरायचा. झुलाल मृदंग वाजवायचा. निंबाचा कान तयार होता. गिरणीच्या आवाजावरून जात्यात दाणा किती उरला हे तो पाठमोरा सांगे. आणि झुलालचा हात तर काय सांगावा! चरण संपत आलं की तो हात असा काही उचल खाई की खांबाला टेकून पेंगणारा म्हाताराही सावरून बसे. दोघं एकमेकांकडे कधी बघत नसत. निंबाला कुठे थांबायचं ते झुलालच्या बोटांना आधी कळे, आणि झुलाल कुठे उठणार ते निंबाच्या कानाला.

मान दोघांनाही हवा होता, आणि कोणाची इच्छा खोटी म्हणावी?

निंबाची लेक पुनम जाऊन दुसरं वर्ष चालू होतं. धुळ्याच्या दवाखान्यात नेली ती परत आली नाही. लहान होती तेव्हापासून काल्याला सगळ्यात आधी पुढे आलेला हात तिचाच असे. निंबाची बायको प्रमिलाबाई त्यानंतर फारसं बोलेनाशा झाल्या होत्या. यंदा कुरडया घालता घालता, वर न बघताच त्या म्हणाल्या होत्या, "एक वरीस तरी काला मना हातनी वाटू दे. तिना वाटा दुसरा पोरेस्ले देसू." बस, एवढंच. पण ते वाक्य निंबाच्या उरात रुतून बसलं होतं.

झुलालच्या घरी आबा होते. डोळे गेलेले, अंथरुणाला खिळलेले नाहीत इतकंच. मान स्वतःच्या तोंडाने सोडून दिला होता, म्हणून कधी मागितला नाही. फक्त दर आखाजीच्या संध्याकाळी खाटेवरून विचारायचे, "कोणाकडे गया?" आणि उत्तर ऐकून म्हणायचे, "चांगलं घर शे." झुलालला ते "चांगलं घर शे" वर्षानुवर्षं ऐकवत नव्हतं.

आदल्या दिवशी झुलाल गिरणीवर आला. पट्टा थांबेपर्यंत उभा राहिला आणि म्हणाला, "सकाय तू आन मी एकच टेबलवर शेत."

"शेत ना."

"मंग ऐक. वहिनीनं काय मन शे ते माले माहित शे. आबानं तुले माहित शे. टेबलवर ते काहीच आणानं नही. तू माले सोडानं नही, मी तुले सोडाव नही. सोडं ना, तं तो देवना नैवेद नही, भीक शे."

"आन सोडं तं?"

"तं तुना भजनले मी मिरदंग वाजाडाव नही." हे म्हणून झुलाल हसला. "परका मानूस समजीसन खेळ. जसा मी तुले वळखतच नही."

निंबाने हो म्हटलं आणि हातावर हात दिला. पिठाचा ठसा झुलालच्या तळव्यावर उमटला. मैत्रीत माणूस दया करील, एवढी एकच भीती दोघांना होती. दुसरी कुठली भीती असू शकते हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

खेळ सोसायटीच्या गोदामात होता. वैशाखात गोदाम रिकामंच असतं. खताचा वास तेवढा राहिलेला. शटर अर्धं वर, एक कूलर नुसती गरम हवा ढकलतोय, आणि बाहेर चिंचेला बांधलेल्या झोक्यांवर पोरींची गाणी चाललेली. पानं पिसायला आणि निवाडा द्यायला देवळाच्या पंचांपैकी दीपक होता. रमी सगळ्यांना ठाऊक असलेलीच: ज्याचा डाव लागला त्याला काही नाही, बाकीच्यांच्या हातात जी सुटी पानं राहतील त्यांचा मार त्यांच्या नावावर, आणि ठरलेली हद्द ओलांडली की बाहेर. दुसऱ्याचा डाव लागतोय असं वाटलं तर आपली पानं आधीच पालथी टाकता येतात. मग मार थोडक्यात निभतो. आता दुसऱ्याचा डाव लागतोय हे कसं कळावं, तोच तर खेळ.

निंबाला ते कळत होतं.

तो शोधायला गेला नव्हता. पहिल्याच डावात झुलालने डाव्या हातात पानं धरली, उजवा हात मांडीवर ठेवला, आणि थोड्या वेळाने त्या हाताची बोटं हलायला लागली. पान मनासारखं येत गेलं की साधा ठेका. मग एकाच पानाची वाट राहिली की दुगण, म्हणजे दुप्पट लय. तीच, चरण संपताना उचल खाण्याआधीची. झुलालला याचा पत्ताच नव्हता. माणूस झोपेत बोलतो तशी ती बोटं बोलत होती, आणि ती भाषा समजणारं गावात एकच माणूस होतं.

दुगण सुरू झाली आणि निंबाने पानं पालथी टाकली. पुढच्याच फेरीत झुलालचा डाव लागला. तोतारामच्या हातात राजा, राणी, एक्का, सगळी बडी मंडळी सुटी बसलेली.

"हाई एसटी शे का?" तोताराम आपली पानं फेकत म्हणाला. "बठ्ठा पाव्हणा, सगळाच्या सगळा, मनाच गाडीमा."

दीपक हसला. निंबाही हसला. पण पुढच्या डावात पुन्हा तेच झालं, आणि त्याच्या पुढच्यातही. निंबा मनाशी म्हणत होता, मी काय करू? दिसतं ते दिसतं. त्याने सांगितलं, परका समजून खेळ. पण ज्याच्या हातावर आयुष्यभर गायलो तो परका कसा होणार? कान काय घरी ठेवून येऊ? आणि मग प्रमिलाबाईंचा कुरडयांवर वाकलेला चेहरा समोर येई, आणि बोटं दुगणीत गेली की निंबाची पानं पालथी पडत.

तोताराम बोलायला फटकळ. पण आयुष्यभर गर्दीत बिनतिकिटाचा माणूस हुडकलेला. त्याने पानं हातातून खाली ठेवली.

"दीपक, थांब जरासा. हाई दोन्ही मिळीसन खेळी राह्यनात."

झोक्यावरची गाणी एकदम जवळून आल्यासारखी वाटली.

"काय बोलस तू, तोताभाऊ?" झुलाल म्हणाला.

"मी काय बोलस? झुलालना डाव लागानी येळ उनी का हाऊ निंबा बराबर पानं टाकी देस. दर येळे. येले काय सपन पडस? आन मार कोणाले? माले. तुम्ही एक ताटमा जेवनारा. इशारा शे तुमना."

दीपकने निंबाकडे पाहिलं. निंबाने तोंड उघडलं, पण त्याआधीच झुलाल उभा राहिला. चेहरा लालबुंद. त्याने गळ्यातली तुळशीची माळ मुठीत धरली.

"हाई माळ शे मना गळामा. आमना दोन्हीस्मा एक बी इशारा व्हयना व्हई, तं मना हात झडी जावोत."

ती शपथ निंबाच्या अंगावर धावून आली. शपथ घेणारा खरा होता. इशारा केलाच नव्हता त्याने. आणि तरी इशारा होता. हे एका वाक्यात सांगता आलं असतं: दीपक, दोष झुलालचा नाही, माझा आहे, मी त्याच्या बोटांवरून ओळखतो. सांगितलं असतं तर निंबा बाहेर झाला असता, झुलालची शपथ निर्मळ राहिली असती, तोतारामलाही न्याय मिळाला असता. पण प्रमिलाबाईंच्या हातचा काला गेला असता.

निंबाने तांब्या उचलला आणि पाणी प्यायला. तो गप्प बसला हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. खरा माणूस शपथ घेत असताना त्याचा मित्र गप्प बसला तर लोकांना तो रागच वाटतो.

"पुरावा नही, तोताभाऊ," दीपक म्हणाला. "अशी तक्रार माले लेता येत नही. खेळा."

दोन डावांत तोताराम बाहेर पडला. टोपी झटकून घालता घालता दारात थांबला. "नैवेद देवले पोचना तं माले सांगज्यात," म्हणाला, आणि शटरखालून वाकून उन्हात गेला.

आता समोरासमोर दोघंच. डाव कधी याचा, कधी त्याचा लागत गेला आणि दोघंही हद्दीला टेकले. कोणाचा डाव लागतो, एवढंच आता राहिलं होतं. पानं पालथी टाकायची सोय आता निंबाला नव्हती, तेवढ्या मारानेही तो बाहेर गेला असता.

आणि झुलालचा हात गप्प झाला होता. तोतारामचे बोल त्याला लागले होते. उजवा हात मांडीवर नुसता पडून होता. निंबा बोटांकडे बघे, पुन्हा पानांकडे बघे. त्याच्याजवळ बदामची नव्वी सुटी होती. झुलालने मघाशी बदामची दश्शी उचलली होती. कदाचित नव्वीवरच तो बसला असेल, कदाचित नसेल. नव्वी टाकावी की ठेवावी? ठेवली तर स्वतःचा जमलेला इस्पिकचा जोड मोडून पान टाकावं लागणार. खरा खेळ इथे होता. इथे दोघं खरोखर परके होते.

निंबाच्या उजव्या हाताचं नख टेबलाच्या पत्र्यावर वाजलं. हलकेच. एकदा, मग पुन्हा. टाळाची चाल.

इथवर जे दिसलं ते त्याने पाहिलं होतं. आता त्याने विचारलं.

आणि झुलालच्या बोटांनी उत्तर दिलं. टाळ वाजला तर मृदंग गप्प कसा राहील? आधी ठेका, मग लगेच दुगण, भरभर, आतुर, जशी काल्याच्या कीर्तनात शेवटच्या चरणाला असते तशी. निंबाने इस्पिकचं पान काढून टाकलं. नव्वी ठेवली.

पण या वेळी टाळ मोठ्याने वाजला होता. झुलालने मान खाली केली आणि स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. ती अजून चालूच होती. त्याने त्यांच्याकडे असं पाहिलं जसं कोणी घरात शिरलेल्या अनोळखी माणसाकडे बघावं. मग त्याने निंबाच्या नखाकडे पाहिलं, आणि मग निंबाकडे.

हात उचलून त्याने मांडीखाली दाबून धरला आणि डाव्या हातानेच खेळत राहिला. पान उचललं, पान टाकलं. मुद्दाम चुकीचं टाकलं नाही, सोडलं नाही. दिलेला शब्द त्याने पाळला. दोन फेऱ्यांनी निंबाला जोकर आला, नव्वी त्याला जुळली, इस्पिकचं तुटलेलंही सांधलं गेलं, आणि निंबाचा डाव लागला.

दीपकने दोघांची पानं टेबलावर पसरली. झुलालच्या रांगेत एकच जागा रिकामी होती. बदामच्या नव्वीची.

"निंबाभाऊना घरना काला," दीपकने शटरबाहेर तोंड काढून सांगितलं. झोक्यावरच्या पोरींनी हात वर केले.

घरी प्रमिलाबाई उठल्या, फडताळातून पुनमची लहानपणाची पितळी वाटी काढली आणि चिंच लावून घासायला बसल्या. घासता घासता बोलू लागल्या: दही कोणाकडचं आणायचं, लाह्या धुळ्याहून आणायच्या की इथल्याच. इतकं त्या दोन वर्षांत बोलल्या नव्हत्या. निंबा उंबऱ्यात बसून ऐकत राहिला. जे सांगायला तो घरी आला होता ते त्याच्या जिभेवरच विरघळलं.

संध्याकाळी तो झुलालकडे गेला. आत खाटेवरून आबांचा आवाज येत होता, "निंबाकडे गया? चांगलं घर शे." झुलाल गोठ्याशी उभा होता.

"झुलाल, मी सकाय पंचेस्ले सांगस. बठ्ठं सांगी टाकस."

"काय सांगशी? मी माळ धरी व्हती. मना हातना इशारा व्हता हाई सांगशी?" त्याच्या आवाजात राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं. "वहिनी वाटी घाशी राह्यनी, देखं मी येता येता. जाऊ दे."

"मी फसाडं तुले."

"नही. फसाडनारा मानूस मी वळखस. तू फक्त मना हात ऐकी लिधा." झुलालने वैरणीची पेंढी खाली ठेवली. "भजनमा तू मना हात ऐकस, तवय माले वाटे कोनी तरी संगे शे. आते हात उचला का माले वाटी, हाऊ ऐकी राह्यना."

गोठ्यातली गाय तेवढी रवंथ करत होती.

सप्ताहभर झुलालने मृदंग वाजवला. येणार नाही असं निंबाला वाटलं होतं; पण देवाच्या दारची सेवा रुसव्यावर सोडणारा तो नव्हता. फक्त पहिल्या दिवशी टाळकऱ्यांची रांग लागताना त्याने निंबाला खूण केली: इथे नको, पलीकडे, खांबाआड. निंबा खांबाआड उभा राहिला.

द्वादशीला महाराज काल्याच्या कीर्तनाला उभे राहिले. काल्याचं कीर्तन म्हणजे सगळ्या कीर्तनांची साय-साखर. देव गोपाळांत बसून त्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालवतो, कोणाचा आंबट घास, कोणाचा शिळा, आणि सगळ्यांचा एक गोड काला होतो. महाराज मग गोपाळांच्या खेळावर आले. सवंगड्यांत देव खेळला, आणि हरला. हरलेल्याने जिंकलेल्याला पाठीवर घ्यायचं असं ठरलेलं. त्रैलोक्याचा धनी खाली वाकला आणि गुराख्याच्या पोराला म्हणाला, ये, बस. "सर्वज्ञ होता ना तो?" महाराजांनी विचारलं. "कोणाचा डाव कुठे आहे हे त्याला दिसत नव्हतं का? दिसत होतं. पण खेळताना त्यानं ते डोळे मिटून घेतले. का? मित्रासमोर सगळं दिसणारा देव होऊन बसला असता, तर त्याच्याशी खेळायला कोण आलं असतं?"

लोकांनी गजर केला. खांबाआड निंबाच्या हातातले टाळ वाजत होते की नाही, त्याला कळलं नाही.

मृदंग बरोबर होता. मात्रा बरोबर, समेवर बरोबर, कुठे बोट ठेवायला जागा नाही. पण चरण संपत आलं की जिथे हात उचल खायचा तिथे तो सांभाळून पाऊल टाकल्यासारखा खाली यायचा. महाराजांनी एकदा मागे वळून हसत म्हटलं, "हात सोडा, मृदंगाचार्य." झुलालने मान हलवली. हात सुटला नाही. तो स्वतःच्याच बोटांकडे बघत वाजवत होता. असं बघून वाजवताना निंबाने त्याला कधीच पाहिलं नव्हतं.

जीवराम आबांना आणून खांबाशीच बसवलं होतं, निंबाच्या पायाशी. त्यांनी मान तिरपी करून बराच वेळ ऐकलं. मग हाताने चाचपून निंबाचं धोतर ओढलं.

"कोन शे रे?"

"मी निंबा, आबा."

"निंबा. आज मिरदंगवर कोन शे? झुलाल बिमार शे का?"

निंबाचे टाळ थांबले.

"हात साफ शे," आबा म्हणाले. "शिकेल मानूस दिखस. पन आपला नही. कोठला शे?"

समोर प्रमिलाबाई हंडी घेऊन उठल्या होत्या. नवं लुगडं, पुनमची लखलखीत वाटी हातात, आणि पोरांचे हात त्यांच्याकडे पसरलेले. त्या हसत होत्या. सगळ्यांना देत देत त्या झुलालपाशी आल्या, वाकल्या, त्याने मृदंगावरचे दोन्ही हात जुळवून पुढे केले आणि काला घेतला. मग तो हात पुसून पुन्हा वाजवायला लागला, तसाच बरोबर.

"सांग ना रे," आबा म्हणाले. "कोठला शे?"

"परगावना शे, आबा," निंबा म्हणाला.

"असं," आबा म्हणाले, आणि काल्यासाठी ओंजळ पुढे करून बसले.